मोडलेला दात

गेल्या श्रावणात, बेळगावच्या पावसाने शेवाळलेल्या पायरीवरून माझा पाय घसरला आणि समोरच्या दाताचा कोपरा मोडला. वेदना फारशी नव्हती. लाज मात्र अपार. वक्तृत्वस्पर्धा आठ दिवसांवर आली होती आणि मी तोंडावर हात धरल्याशिवाय कोणाशी बोलेनासा झालो होतो.

"नवा कोपरा चिकटवू," असे दंतवैद्य म्हणाले, तेव्हा माझा विश्वास बसेना. सदैव ओल्या असणाऱ्या तोंडात चिकटवलेली वस्तू टिकणार कशी? आजोबांच्या दाढेत चांदी भरलेली आहे. (वस्तुतः ती पारा मिसळलेली मिश्रधातू!) ती निसटू नये म्हणून दाढ आतून रुंद व तोंडाशी अरुंद कोरलेली आहे. माझ्या दातात कोरण्यास जागाच कोठे होती?

वैद्यांनी दातावर निळे आम्ल लावताच मी दचकलो. गोड खाल्ल्यावर जंतू जे आम्ल तयार करतात त्यानेच दात किडतो, असे आपण शिकतो ना! ते हसून म्हणाले, "बाळ, गुळगुळीत भिंतीवर गिलावा धरतो का? गवंडी आधी टाचे मारतो."

फॉस्फरिक आम्लाने अवघ्या 15 ते 30 सेकंदांत दाताच्या कठीण कवचावर, म्हणजे इनॅमलवर, असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात. त्यांत पातळ राळ झिरपते आणि निळ्या प्रकाशाने तेथेच घट्ट होते. ही युक्ती अमेरिकेत रॉचेस्टर येथील मायकेल बुओनोकोर यांनी 1955 साली प्रसिद्ध केली. धातूवर रंग नीट बसावा म्हणून कारखान्यांत हेच आम्ल वापरीत, त्यावरून त्यांना ती सुचली.

खरी अडचण आतल्या पिवळसर डेंटिनची. माझ्या दातात तेही उघडे पडले होते. त्यात पाणी आहे आणि कोलॅजन या प्रथिनाचे तंतूही. आम्लाने क्षार निघून गेले की हे तंतू मोकळे होतात. मग फार वाळवले तर ते एकमेकांवर कोसळतात आणि राळेला वाट मिळत नाही. फार ओले ठेवले तर पाणीच तिची जागा अडवते. म्हणून वैद्यांनी कापसाने केवळ टिपून घेतले. राळ व तंतू यांचा हा एकजीव थर 1982 साली जपानच्या नाकाबायाशी यांनी वर्णिला. तरीही इनॅमलवरचा सांधाच अधिक टिकाऊ. डेंटिनवरचा पाण्याने हळूहळू झिजतो.

स्पर्धेत मला बक्षीस मिळाले नाही. भाषणच मध्ये विसरलो. कोपरा मात्र जागच्या जागी आहे. तोंडावर हात नेण्याची सवय तेवढी दिवाळीपर्यंत गेली नाही.