इंद्रसभेतील मंद प्रकाश

वेरूळच्या जैन लेण्यांपैकी ३२ क्रमांकाचे लेणे म्हणजे इंद्रसभा. तिच्या वरच्या मजल्यावर आम्रवृक्षाखाली सिंहारूढ अंबिका विराजमान आहे. गुडघ्यांमुळे आजी खालीच थांबल्या. त्यांना दर्शन घडावे म्हणून नात छोटा कॅमेरा घेऊन वर गेली. ‘ऑटो’वर फ्लॅश समोरून पडला, सावल्या पुसल्या गेल्या, मूर्ती सपाट दिसली. मग तिने फ्लॅश बंद केला, आयएसओ ४०० ठेवला आणि हात हलू नये म्हणून कॅमेरा पिशवीवर टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावला. शटर सावकाश मिटले. अंगणाकडून येणाऱ्या तिरप्या उजेडात पाषाणाला उठाव आला. खाली येताच आजींनी त्या चिमुकल्या पडद्यापुढे हात जोडले.