जुन्या संगणकाला चालेल अशी रॅम

आमचे घर तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडु या गावी आहे. भोसले राजांच्या काळापासून इकडे राहिलेल्या मराठी कुटुंबांपैकी आमचे एक. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. गावात सरफोजीराजे दुसरे यांच्या काळातले मुक्तांबाळ छत्र आहे. पूर्वी तेथे वाटसरूंना जेवण आणि मुलांना शिक्षण मिळत असे. आमचे आजोबा निवृत्त शिक्षक. ते म्हणतात, “छत्राच्या गावात राहून घरातला संगणक एकट्याने वापरायचा नसतो.” त्यामुळे जमिनीचा पट्टा-चिट्टा काढायला, विजेचे बिल भरायला, शिष्यवृत्तीचा अर्ज करायला शेजारीपाजारी आमच्याकडेच येतात.

हा डेस्कटॉप २०१० सालचा, म्हणजे माझ्याच वयाचा. यंदा मी उन्हाळी सुट्टीत घरी गेलो तेव्हा शेजारच्या अक्काला पशुवैद्यकीय पदवीचा ऑनलाइन अर्ज भरायचा होता. ते कॉलेज ओरत्तनाडुतच आहे. तेथे प्रवेश मिळाला तर तिला घरी राहून शिकता येणार होते आणि वसतिगृहाचा खर्च वाचणार होता. पण अर्जाचे पान आणि स्कॅन केलेली गुणपत्रिका एकदम उघडली की संगणक गोठायचा. शेवटच्या तारखेला नऊ दिवस उरले होते. नवा संगणक परवडणारा नव्हता. आजोबांनी माझ्या हातावर पंधराशे रुपये ठेवले आणि म्हणाले, “बघ, एवढ्यात काय होते ते.”

दुखणे कुठे आहे ते मी आधी पाहिले. टास्क मॅनेजर उघडला. ब्राउझर सुरू करताच मेमरी जवळजवळ भरत होती आणि हार्ड डिस्क शंभर टक्क्यांवर जात होती. रॅममध्ये जागा उरली नाही की संगणक हार्ड डिस्कवर तात्पुरती जागा करतो, आणि डिस्क रॅमपेक्षा फारच मंद असते. म्हणजे रॅम वाढवण्यात अर्थ होता.

आता कोणती रॅम? सीपीयू-झेड नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये मदरबोर्डची आणि रॅमची माहिती दिसते. आमच्या बोर्डावर इंटेलचा जी४१ चिपसेट निघाला. रॅमचे स्लॉट दोन. एकात २ जीबीची डीडीआर३ पट्टी, दुसरा रिकामा.

येथे पिढी महत्त्वाची असते. डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोन्ही पट्ट्यांना २४० पिना असतात. लांबीही सारखीच. पण खाच वेगळ्या जागी असते, म्हणून एकीच्या जागी दुसरी बसत नाही आणि जोर करून बसवूही नये. डीडीआर२ ला १.८ व्होल्ट लागतात, डीडीआर३ ला १.५. डीडीआर४ ला २८८ पिना आणि १.२ व्होल्ट. लॅपटॉपची पट्टी तर आखूडच असते.

मी बसने तंजावरला गेलो. तिथल्या दुकानदाराने ४ जीबीची पट्टी पुढे केली. “हीच घे, जास्त चालेल,” असे तो तमिळमध्ये म्हणाला. मी पट्टीवरच्या काळ्या चिपा मोजल्या. एका बाजूला आठ, दुसरी बाजू कोरी. आठ चिपांत ४ जीबी म्हणजे प्रत्येक चिप ४ गिगाबिटची. जी४१ चिपसेट २ गिगाबिटपर्यंतच्या चिपाच ओळखतो. त्याला ४ जीबीची पट्टी हवी असेल तर दोन्ही बाजू मिळून सोळा चिपांची लागते.

शिवाय आमची विंडोज ३२ बिटची. ती एकूण ४ जीबीपर्यंतच पत्ते देऊ शकते, आणि त्यातलाही काही भाग ग्राफिक्स व इतर यंत्रणा घेतात. ६४ बिटची विंडोज टाकता आली असती, पण मग सगळे नव्याने बसवावे लागले असते. आजोबांचा तमिळ टायपिंगचा प्रोग्रॅम, प्रिंटर, स्कॅनर, सगळेच. अर्जाची तारीख डोक्यावर असताना तो उद्योग नको होता. म्हणून मी २ जीबीचीच आणखी एक जुनी डीडीआर३ पट्टी मागितली. ती १३३३ वेगाची होती. आमचा बोर्ड तिला १०६६ वर चालवतो, त्याने काही बिघडत नाही. वेगवान पट्टी हळू चालू शकते, पण न ओळखता येणारी चिप कशीच चालत नाही. पट्टी पैशांत बसली आणि परतीचे बसभाडेही उरले.

घरी आल्यावर वायर काढली आणि पॉवरचे बटण दाबून उरलीसुरली वीज जाऊ दिली. कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवली. पट्टीच्या सोनेरी पिना खोडरबराने हलकेच पुसल्या. पट्टी कडांनी धरून दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक् वाजेपर्यंत दाबली. रात्रभर मेमटेस्ट चालू ठेवली. सकाळी एकही चूक दिसली नाही. संगणकाने ४ जीबी ओळखली, त्यातली वापरायला सव्वातीनच्या आसपास मिळाली.

त्या संध्याकाळी अक्काने अर्ज भरला. गुणपत्रिका चढवताना संगणक थोडा रेंगाळला, पण गोठला नाही. पोचपावती छापून तिने आजोबांच्या हातात दिली. प्रवेशाचे काय ते तिचे गुण ठरवतील. दुसऱ्या दिवसापासून आणखी दोन मुले अर्ज घेऊन ओटीवर येऊन बसली.

मित्रांनो, तुमच्याही घरी असा एखादा जुना संगणक असेल. सुट्टीत गेलात की चार गोष्टी वहीत उतरवून घ्या: चिपसेट कोणता, स्लॉट किती, आतली पट्टी कोणत्या पिढीची आणि विंडोज किती बिटची. दुकानात विचारतात, “किती जीबी पाहिजे?” आपल्या यंत्राला काय पेलते हे आधी माहीत असले, तरच त्याचे उत्तर देता येते. ते माहीत करून घ्यायला पैसे लागत नाहीत, एक दुपार पुरते.