पाचूच्या वाट्याचं ऊन

पाचू आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या मांड्या चांगल्या भरलेल्या होत्या. आई म्हणाली, बाळसं धरलंय. दक्षिण फ्लोरिडातल्या शेजाऱ्यांनी गाव सोडताना हा हिरवा इग्वाना आमच्या स्वाधीन केला होता. पण त्याच्या बोटांना सारखा कंप असे, आणि चालताना पोट जमिनीवरून उचलत नसे. डॉक्टरांनी खालचा जबडा हलकेच दाबला, तर तो रबरासारखा वाकला. एक्स-रेत हाडं इतकी फिकी, की धड ओळखू येईनात. मांड्यांत मांस नव्हतंच. कॅल्शियम निघून गेलेल्या हाडांभोवती शरीराने तंतूंचे थर चढवले होते.

शेजाऱ्यांकडे त्याचा पिंजरा खिडकीशी, दिवसभर उन्हात असायचा. पण काच अतिनील ‘बी’ किरण जवळजवळ सगळे अडवते. त्यांच्याशिवाय त्याच्या कातडीत ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि ते नसलं की खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. मग रक्त आपली गरज हाडांतून भागवतं. त्यात खाणं लेट्यूस आणि कुत्र्याचं. हा तर जन्माचा पालेखाऊ!

मागच्या कालव्याच्या काठावर त्याचे रानटी भाऊबंद खुशाल ऊन खात पडलेले असत. त्यांच्यात हा आजार मला कधी दिसला नाही. त्यांचं संकट निराळं: जानेवारी २०१८च्या थंडीत ते गारठून झाडांवरून खाली पडले. ऊब मिळाल्यावर बरेचसे पुन्हा हलू लागले.

पाचूला तोंडातून पातळ कॅल्शियम सुरू झालं, अतिनील दिवा आला, आणि अंगणात जाळीच्या पिंजऱ्यात खरं ऊन. असला दिवा पेटलेला दिसत राहतो, पण त्याचे कामाचे किरण काही महिन्यांत मंदावतात. म्हणून आई कॅलेंडरवर बदलायची तारीख लिही. पालकातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं हे कळल्यावर पालक बंद झाला. कोलार्ड, शेवग्याचा पाला, आणि देवाच्या परडीतली एक जास्वंद त्याची. तांबडं फूल दिसलं की तो मान ताणून पुढे येई. कंप थांबला, जबडा घट्ट झाला, पण वाकडाच राहिला.

पुढे मूत्रपिंडं गेली. नीट सांभाळलेला इग्वाना पंधरा-वीस वर्षं जगतो. पाचूला त्याच्या निम्मंही आयुष्य मिळालं नाही.

२०२१पासून फ्लोरिडात हिरवा इग्वाना नव्याने पाळता येत नाही. ही परकी जात कालव्यांचे काठ पोखरते, हे एक कारण. मला मात्र ती बंदी इग्वानाच्या बाजूने पटते. त्याला खोलीएवढी जागा, रोजचं ऊन आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा जाणकार डॉक्टर लागतो, आणि हे सगळं फार थोड्या घरांत जमतं.