घाटनांदूरची करडं

परळी वैजनाथहून विकाराबादकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, की थोड्याच वेळात घाटनांदूर स्टेशन येतं. बीड जिल्ह्यात, अंबाजोगाई तालुक्यात, बालाघाटच्या पठारावरचं हे गाव. कुठे काळी जमीन, कुठे उघडा माळ. बांधाबांधावर बाभळी आणि लिंब. आणि बाभळीच्या बुंध्याला पुढचे दोन पाय टेकवून, मान ताणून पाला ओरबाडणाऱ्या काळ्याभोर शेळ्या!

या शेळ्या 'उस्मानाबादी' जातीच्या. लातूर १९८२ साली वेगळा जिल्हा झाला, उस्मानाबादचं नाव २०२३ साली धाराशिव झालं. शेळीला मात्र यातलं काही कुणी सांगितलेलं नाही. ती आपली उस्मानाबादीच! लांब लोंबते कान, बहुतेक अंगानं काळी, एखादी पांढऱ्या ठिपक्यांची. मोठी शेळी साधारण तीस-बत्तीस किलोची भरते आणि एका वेताला बऱ्याचदा दोन करडं देते.

तुम्ही चित्रात अल्पाका पाहिला असेल. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतावर, पेरू आणि बोलिव्हियात लोक तो लोकरीसाठी पाळतात. उंटाच्या कुळातला, पण दिसायला मोठ्या मेंढीसारखा. त्याच्या पिलाला तिकडे 'क्रिया' म्हणतात. (व्याकरणाचा तास आठवला ना?) अल्पाकाची मादी अकरा महिन्यांहून जास्त काळ गाभण असते आणि तिला पिलू होतं एकच. आपली शेळी पाच महिन्यांत मोकळी! पण अँडीज असो की बालाघाट, जनावर पाळणाऱ्या घरात भिंतीवरच्या कॅलेंडरखेरीज आणखी एक कॅलेंडर असतं. ते गोठ्यात असतं.

घाटनांदूरच्या गोठ्यातलं वर्ष सुरू होतं पावसाच्या आधी, लस टोचण्यापासून. पहिल्या पावसानंतर माळावर कोवळं लुसलुशीत गवत उगवतं. उन्हाळाभर वाळकं खाल्लेली शेळी त्यावर तुटून पडते. अशा वेळी तिच्या आतड्यातले जंतू भराभर वाढून विष तयार करतात. या रोगाला आंत्रविषार म्हणतात. सकाळी उड्या मारणारं करडू संध्याकाळी आडवं झालेलं असतं. औषधाला वेळच मिळत नाही. म्हणून मे महिन्यातच शेळ्या घेऊन पशुवैद्यकीय दवाखाना गाठायचा. ज्यानं आळस केला, त्याच्या गोठ्यात जूनमध्ये रडारड!

पावसाचं शेळीला भारी वावडं. दोन थेंब अंगावर पडले, की सगळी जितराबं शेपट्या वर करून घराकडे पळत सुटतात. सकाळचं दंव वाळल्याशिवाय त्यांना चरायला सोडायचं नाही, कारण ओल्या गवताच्या पात्यांवर जंतांच्या अळ्या चढलेल्या असतात. गोठ्यात ओल राहिली तर खूर सडतात, म्हणून मुरूम टाकायचा, चुना भुरभुरायचा. त्यात शिवारात सगळीकडे सोयाबीन आणि तूर उभी. शेळीचं तोंड त्यात गेलं, की "अहो, तुमची शेळी आमच्या तुरीत!" अशी हाक आलीच. भांडण मोठ्यांचं होतं, पण बोलणी खातं ते राखणीला बसलेलं पोरगं.

जून-जुलैत गाभण राहिलेल्या शेळ्या नोव्हेंबर-डिसेंबरात वितात. पाच महिने मिळवून पाहा. सुगीची गडबड आणि थंडी, दोन्ही एकदमच. हेच दिवस खरे कसोटीचे.

मी ज्या घरी उतरलो होतो, तिथे शेळ्यांचा कारभार आजींच्या हाती होता. रात्री दोन वाजता त्यांनी नातीला उठवलं. ती सातवीत. कंदील नाही, आता बॅटरी असते, एवढाच फरक. शेळी अस्वस्थ होऊन पायानं माती उकरत होती. पाऊण तासात पहिलं करडू आलं, पाठोपाठ दुसरं, आणि "थांब, आणखी एक हाय" असं म्हणेपर्यंत तिसरं! करडू जन्मतं दोन-अडीच किलोचं. तिळ्यातलं तिसरं त्याहून हलकं, मुठीएवढ्या डोक्याचं. आजींनी त्याच्या नाकातोंडातला चिकट स्राव पुसला, नाळ नव्या पात्यानं कापली, तिला टिंक्चर आयोडीन लावलं आणि करडू आईच्या तोंडापुढे ठेवलं. शेळी चाटू लागली. हे चाटणं फार महत्त्वाचं बरं का! त्यानं करडू कोरडं होतं, ऊब येते आणि वासानं आई पिलाला ओळखू लागते. पुढे पन्नास करडांतूनही ती आपलंच शोधून काढते. दुसऱ्याचं जवळ आलं, की शिंगानं ढकलते.

नात जांभया देत होती. आजी म्हणाल्या, "चीक पाजल्याबिगर झोपायचं न्हाई, लेकरा."

चीक म्हणजे विल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध. रोगांशी लढण्याची शक्ती करडाला त्यातूनच मिळते. जन्मल्यावर तास-दोन तासांत तो पोटात जायलाच हवा. पण शेळीला आचळं दोनच आणि करडं तीन! मग पाळ्या लावायच्या. धाकट्याला आधी धरायचं, कारण त्याला स्वतःहून शिरकाव करता येत नाही. नातीनं ते काम पहाटेपर्यंत केलं, आणि सकाळी शाळेतही गेली.

दिवसभर आया रानात आणि करडं डालग्याखाली. वर गोणपाट, खाली वाळकं गवत. वाऱ्याच्या बाजूला बारदानाचा पडदा, कारण पठारावरच्या थंडीत करडांना पटकन न्यूमोनिया होतो. संध्याकाळी कळप परतला, की डालगी उचलायची. तो गोंधळ एकदा बघाच! बें-बें करत पिलं धावतात, आया हुंगत सुटतात आणि दोन मिनिटांत सगळं शांत. फक्त शेपट्या हलत असतात.

राशी झाल्या, की शेतं मोकळी. तुरीचं, हरभऱ्याचं भुसकट गोठ्यात येतं. मग उन्हाळा. गवत संपतं, पण बाभळीच्या शेंगा वाळून खाली पडतात आणि शेळ्यांची चंगळ होते. शेंगेतली कठीण बी पचत नाही. ती लेंडीतून बाहेर पडते आणि उलट लवकर रुजते. म्हणजे शेळी झाड खाते आणि पेरतेही. दुष्काळात कडबा संपला, की बैल-म्हैस विकायची पाळी येते. २०१६ साली तर शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा वेळीही शेळी लिंबाच्या डहाळीवर दिवस काढते. म्हणूनच तिला गरिबाची गाय म्हणतात. ज्यांना शेळी घेणं परवडत नाही, ते दुसऱ्याची शेळी अर्धलीनं सांभाळतात. राबणं आपलं, करडं निम्मी-निम्मी.

कळप चांगला राहावा म्हणून बोकड दर दोनेक वर्षांनी बदलावा लागतो, नाहीतर नात्यातच पैदास होऊन करडं दुबळी निपजतात. अंबाजोगाईला महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे. तिथे जातिवंत पैदाशीसाठीच शेळ्या-बोकड जोपासले जातात.

आणि मग विक्री. हे लिहायला जरा जड जातं, पण लपवण्यासारखं त्यात काही नाही. पाट, म्हणजे मादी करडू, शक्यतो ठेवतात. बोकड विकतात. बकरी ईदला भाव चांगला येतो, पण ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, म्हणून त्याचं गणित आधीपासून मांडावं लागतं. बोकड वर्षाचा पुरा हवा. गिऱ्हाईक ओठ वर करून दात पाहतं, कंबरेवर हात दाबून मांस अजमावतं. आता काही ठिकाणी सरळ काट्यावर वजन करतात. मला विचाराल तर तेच बरं. हाताच्या अंदाजात नेहमी विकणाराच कमी पडतो.

त्या तिळ्यांतली दोन बोकडं होती. तिसरं, ते मुठीएवढ्या डोक्याचं, पाट निघालं. बोकडांचे पैसे नातीच्या आठवीच्या वह्या-पुस्तकांना आणि तिच्या बसच्या पासाला लावायचं घरात आधीच ठरलं होतं. "त्यांना नावं ठेवू नगंस," असं आजींनी तिला थंडीतच बजावलं होतं. तिनं ऐकलं. पाटीचं नाव मात्र ठेवलं, मोगली. ही पाट दीडेक वर्षाची झाली की स्वतःच विणार आहे, आणि त्या रात्री आजींना उठवायचं काम आपलं, असं नातीनं आत्तापासून सांगून ठेवलंय.