मतपत्रिकेवरची जागा

अमेरिकेतल्या राजकारणाचा विषय निघाला की आम्हा इथल्या मराठी मंडळींत थोड्याच वेळात कुणीतरी म्हणतं, "जाऊ दे हो, आपल्या एका मतानं काय फरक पडणार आहे?" हे वाक्य मी न्यू जर्सीतल्या एडिसनच्या किराणा दुकानात ऐकलं आहे, गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेताना ऐकलं आहे, आणि नागरिकत्वाची शपथ घेताना ज्यांचे डोळे भरून आले होते त्यांच्या तोंडूनही ऐकलं आहे. हे बोलणारी माणसं बेफिकीर नाहीत. वर्षानुवर्षं बातम्या वाचून, वाद घालून, रांगेत उभं राहून मत देऊन ती थकली आहेत. त्यांचा थकवा मला कळतो, कारण तो माझाही आहे. त्यांचा निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

वैतागाला कारणं भरपूर आहेत. न्यू जर्सीनं 1992 पासून प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाला कौल दिला आहे. निकाल गृहीत धरलेला असल्यामुळे अध्यक्षपदाचे उमेदवार इकडे क्वचितच फिरकतात. डेलावेअर नदी ओलांडली की पेनसिल्व्हेनिया लागतं. तिथल्या 19 इलेक्टोरल मतांसाठी दोन्ही पक्ष रात्रीचा दिवस करतात. पंगतीत वाढप्यानं ओळखीच्या पानांशीच घुटमळावं आणि आपण रिकाम्या पानाकडे बघत बसावं, तसं आमचं होतं. आम्हाला येतात ते फक्त फोनवरचे मेसेज: आज मध्यरात्रीपर्यंत पंधरा डॉलर पाठवा, नाहीतर देश बुडाला. एकदा पैसे पाठवले की मेसेज दुप्पट होतात.

यापेक्षा खोल जखमाही आहेत. डिसेंबर 2012 मध्ये कनेटिकटमधल्या सँडी हूक शाळेत 20 लहान मुलं आणि 6 मोठी माणसं गोळीबारात मारली गेली. त्यानंतर बंदूक विकताना खरेदीदाराची पार्श्वभूमी अधिक व्यापकपणे तपासली जावी, असा प्रस्ताव दोन्ही पक्षांच्या सिनेटरांनी मिळून आणला. एप्रिल 2013 मध्ये त्याच्या बाजूनं 54 मतं पडली, विरोधात 46. तरी तो पडला, कारण सिनेटच्या कामकाजाच्या रीतीनुसार पुढे जायला 60 मतं लागत होती. बहुमत असूनही हरायचं, हे आपल्या मुलांना कसं समजावून सांगायचं?

आणि मतदारसंघांच्या सीमा! भारतात हे काम परिसीमन आयोग करतो. इथं बहुतेक राज्यांत ते विधिमंडळच करतं, म्हणजे जे निवडून यायचे आहेत त्यांच्याच हाती नकाशा असतो. ही खोड जुनी आहे. 1812 मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या सहीनं झालेला एक वेडावाकडा मतदारसंघ इतका कुप्रसिद्ध झाला, की या प्रकाराला त्यांचंच नाव चिकटलं. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 5 विरुद्ध 4 मतांनी सांगितलं, की पक्षीय फायद्यासाठी आखलेल्या सीमांचे वाद संघराज्याची न्यायालयं सोडवू शकत नाहीत. प्रतिनिधीगृहाच्या 435 जागांपैकी खरी चुरस उरते ती फार थोड्या जागांवर. बाकीच्या ठिकाणी नोव्हेंबरचा निकाल आधीच ठरलेला असतो. जे काही ठरायचं ते पक्षांतर्गत निवडणुकीत, प्रायमरीत, ठरतं.

आमच्या राज्यात तर तीही मोकळी नव्हती.

जूनच्या प्रायमरीआधी घरी टपालानं नमुना मतपत्रिका येते. कित्येक वर्षं तो उभ्याआडव्या रकान्यांचा एक मोठा तक्ता असे. एका ठळक रकान्यात सगळ्यात वर अध्यक्ष किंवा गव्हर्नर, त्याखाली सिनेटर, मग काँग्रेसचा उमेदवार, काउंटीचे कमिशनर आणि शेवटी टाउनशिप कौन्सिल, अशी सगळी नावं एकाखाली एक लावलेली असत. हे सगळे काउंटीतल्या पक्षसंघटनेनं पाठिंबा दिलेले उमेदवार. पाठिंबा न मिळालेल्याचं नाव दूर कुठल्यातरी कोपऱ्यात, कधी मध्ये रिकामे रकाने सोडून छापलेलं. मतदार वरून खाली एका दमात खुणा करत जाई आणि कोपऱ्यातलं नाव त्याच्या नजरेसही पडत नसे. याला 'काउंटी लाइन' म्हणत. 21 पैकी 19 काउंट्यांत ही पद्धत होती आणि बाकी देशात कुठेच नव्हती. इथं राजकारण करायचं तर आधी काउंटीच्या पक्षाध्यक्षांची मर्जी राखायची, हे लहानथोर सगळे पुढारी जाणून होते.

ही लाइन गेली कशी, ते प्रत्येक निराश माणसानं ऐकावं. 2020 मध्ये क्रिस्टीन कॉनफोर्टी या उमेदवारानं या लाइनविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. ते प्रकरण रेंगाळत राहिलं. सप्टेंबर 2023 मध्ये सिनेटर बॉब मेनेंडेझ यांच्यावर लाचखोरीचा आरोप झाला. त्यांच्या घरात सोन्याच्या विटा सापडल्या होत्या. पाठोपाठ अँडी किम हे काँग्रेसचे तरुण सदस्य त्या जागेसाठी उभे राहिले. मोठमोठ्या काउंट्यांचे पक्षाध्यक्ष मात्र तेव्हाच्या गव्हर्नरांच्या पत्नी टॅमी मर्फी यांच्या मागे गेले. फेब्रुवारी 2024 मध्ये किम यांनी मतपत्रिकेच्या रचनेवरच दावा लावला. याआधी स्वतः त्या लाइनचा लाभ त्यांना मिळालेला होता, हे विशेष. राज्याच्या ॲटर्नी जनरलनी ही पद्धत घटनाबाह्य असल्याचं सांगून तिचा बचाव करायला नकार दिला. टॅमी मर्फी यांनी माघार घेतली. 29 मार्चला न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी आदेश दिला: डेमोक्रॅटिक प्रायमरीत प्रत्येक पदाखाली त्या पदाचे सगळे उमेदवार एकत्र छापा.

त्या जूनमध्ये मी पहिल्यांदा तशी मतपत्रिका हातात घेतली. पद, आणि त्याखाली त्या पदासाठी उभी असलेली सगळी नावं, एकाच मापाची. मी प्रत्येक नाव वाचलं. मला वाचावं लागलं. किम प्रायमरी जिंकले, नोव्हेंबरात सिनेटवर गेले. 2025 मध्ये विधिमंडळानं कायदा करून ती लाइन दोन्ही पक्षांसाठी कायमची पुसली.

मिशिगनची गोष्टही अशीच. 2016 च्या निवडणुकीनंतर केटी फाही या तरुणीनं फेसबुकवर विचारलं, मतदारसंघांच्या सीमांचं काही करायला कोण येतं? त्यातून उभ्या राहिलेल्या स्वयंसेवकांनी राज्यभर फिरून चार लाखांहून जास्त सह्या गोळा केल्या. 2018 मध्ये मतदारांनी राज्याची घटना दुरुस्त केली आणि नकाशा आखण्याचं काम 13 नागरिकांच्या आयोगाकडे गेलं: दोन्ही पक्षांचे चार-चार, आणि कुठल्याच पक्षाचे नसलेले पाच.

सगळं असं सरळ पुढेच जातं असं नाही. 2025 मध्ये टेक्ससनं जनगणनेची वाट न पाहता नकाशा पुन्हा आखला. त्याला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी आपल्या स्वतंत्र आयोगाचा काँग्रेससाठीचा नकाशा काही वर्षांपुरता बाजूला ठेवला. त्या दिवशी मला वाईट वाटलं. कमावलेला हक्क राखायलाही तेवढीच माणसं लागतात, आणि ती दर पिढीला नव्यानं लागतात.

पण ज्या नियमांनी आपल्याला हतबल केलं ते माणसांनीच केलेले आहेत आणि माणसांनीच ते मोडले आहेत, एवढं आपण डोळ्यांनी पाहिलं. वॉशिंग्टनकडे बघून हताश होण्यात आपण फार वर्षं घालवली. बदलाची सुरुवात काउंटीच्या एका छापील कागदावरून झाली.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. न्यू जर्सीत तुम्ही कुठल्याही पक्षात नोंदलेले नसलात, तरी प्रायमरीच्या दिवशी मतदान केंद्रावर पक्ष सांगून मत देता येतं. जूनमध्ये जा. टाउनशिपच्या बैठकीला जाऊन बसा, पक्षाच्या काउंटी कमिटीची जागा रिकामी असेल तर उभे राहा. नोव्हेंबरात तुमच्या मतानं किती फरक पडेल ते नोव्हेंबरात बघू. जूनमध्ये तो नक्की पडतो.