माळ्यावरचा गुंड

मोहाडी, मार्गशीर्ष

माळ्यावरचा आजीचा पितळी गुंड आज खाली काढला. चिंच-मिठाने घासत गेले तसे काठाखालचे ठोक्यांचे ठसे एकेक करून उजळले. भंडाऱ्याच्या कारागिरांच्या हातचं काम. त्या गावाला पितळनगरी म्हणतात ते उगीच नाही. बाजारातल्या नव्या शोभेच्या वस्तूंत हा जिवंतपणा मला सापडत नाही. गुंडात धानाच्या लोंब्या खोवल्या. दिवाणावर आंधळगावच्या कोसा रेशमाचं जुनं उपरणं अंथरलं. त्याचा मधाळ रंग खोलीभर पसरला.

स्वयंपाक साधाच. पोपटाचे, म्हणजे वालाचे, दाणे घालून वांग्याची भाजी, वर भरपूर सांभार, म्हणजे कोथिंबीर. नवा तांदूळ गिचका होतो, म्हणून पाणी बेतानंच घातलं. जवसाची चटणी मात्र खलबत्त्यातच कुटली. उद्या माळ्यावरची परात काढते.