चाकणचें चाक आणि दशरथाचा बाण

पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानें भोसरी, मोशी मागें टाकून इंद्रायणी ओलांडली, कीं चाकणच्या कारखान्यांचीं लांबच लांब छपरें दिसूं लागतात. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें शाएस्तेखानास जेथें जवळजवळ दोन महिने अडवून धरिलें, त्या संग्रामदुर्गाचे भग्न अवशेष आतां शोधावे लागतात. आम्हांस मात्र ओढ होती चक्रेश्वराच्या देवळाची. दशरथाच्या रथाचें चाक येथें पडलें व त्यावरून गांवास हें नांव मिळालें, अशी आख्यायिका आहे. तिचा खरेखोटेपणा पंडितांनीं ठरवावा. आम्हांस तेथें चाकापेक्षां त्या राजाचा बाणच अधिक आठवला.

अयोध्याकांडांतील ती पावसाळी रात्र वाचकांस ठाऊकच आहे. सरयूवर घडा भरण्याचा ध्वनि झाला, राजास तो हत्तीचा वाटला, आणि मुनिकुमार विद्ध झाला. नेम अचूक होता. लक्ष्य तेवढें दिसलें नव्हतें! याच राजाविषयीं रघुवंशाच्या नवव्या सर्गांत कालिदास सांगतो, कीं हरिणी आपल्या सहचरास आड झालेली पाहून त्यानें कानापर्यंत ओढलेला बाण उतरविला. तेथें प्राणी डोळ्यांसमोर होता, म्हणून दयेस अवसर मिळाला.

अमेरिकेंत धनुष्यानें मृगया आजही चालते, आणि बाण किती अंतरावरून सोडणें न्याय्य, याचा खल तेथील विचारी शिकारी करितात. बाण मारतो तो फुप्फुस किंवा हृदय भेदून, रक्तस्रावानें; चार बोटें चुकला तर जनावर जखम घेऊन रानोमाळ भटकतें. ४० यार्ड म्हणजे १२० फूट. सेकंदास २७० फूट जाणाऱ्या बाणास तेथवर पोंचण्यास सेकंदाचे ४४ शतांश लागतात. प्रत्यंचेचा आवाज मात्र ११ शतांशांतच पोंचतो. तेवढ्या सवडींत हरिण दचकून उसळीसाठीं खालीं दबतें, आणि नेम जागेवर राहत नाहीं. म्हणून पुष्कळ जण २० ते ४० यार्डांपलीकडे धनुष्यच ओढीत नाहींत. ऑलिंपिकमध्यें ७० मीटरांवरून वेध घेतात खरा, पण तें रंगीत वर्तुळ ना दचकतें ना विव्हळतें.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मृगयेस आळा घातला. तरी अंतराचा प्रश्न या वाटेवर उरलाच आहे. चाकणपुढें खेड, नारायणगांव, जुन्नर या उंसाच्या टापूंत बिबट्यांचा वावर आहे. जुन्नरजवळ माणिकडोहास त्यांचें निवारा केंद्रही आहे. वस्तींत अडकलेल्या बिबट्यास कधीं कधीं बंदुकींतून गुंगीच्या औषधाची सुई मारावी लागते. तीही जवळूनच, आणि अंतर पाहून दाब कमीजास्त करून. दाब फाजील झाला तर सुई खोल घुसून इजा करिते. अपुरा पडला तर औषध आंत जातच नाहीं. म्हणून मारणारा आधीं जनावर नीट न्याहाळतो, आणि मांडीचा मांसल भाग समोर येईपर्यंत थांबून राहतो.